राऊटरची मागची बाजू

आचोळ्यातल्या आपल्या क्लासमध्ये ॲन्सेल्म तुस्कानो दोन वर्षं राऊटर शिकवत होता आणि खऱ्या राऊटरला त्याने कधी बोटही लावलं नव्हतं. ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती.

राऊटर म्हणजे कंपन्यांमध्ये एका नेटवर्कची माहिती दुसरीकडे धाडणारा महागडा डबा. शिकवण्यापुरते तीन-चार घ्यायचे तरी गासची घरची केळीची वाडी विकावी लागली असती. म्हणून त्या डब्यातलं सॉफ्टवेअर साध्या कॉम्प्युटरवर चालवायची युक्ती ॲन्सेल्मने नेटवरून उचलली. चार जुने कॉम्प्युटर, एकेकावर तीन-तीन राऊटर, सगळे नुसते स्क्रीनवर. कमांड खऱ्या, उत्तरंही खरी. केबल जोडायची तर फाइलमध्ये एक ओळ लिहायची, झालं!

पण छळ किती! या राऊटरांना स्वस्थ बसणंच माहीत नव्हतं. काम असो-नसो, कॉम्प्युटरचा जीव काढायचे. त्यांना गप्प बसवणारा सेटिंगमधला एक आकडा दर वेळी शोधावा लागे. तो सापडून कॉम्प्युटरांच्या पंख्यांची घरघर थांबते न थांबते तोच लोडशेडिंग. पुन्हा पहिल्यापासून. "ही यंत्रं माझ्या मुळावर उठलीत," ॲन्सेल्म करवादायचा. बाहेर पाटी मात्र झोकात होती: ‘संपूर्ण प्रॅक्टिकलसह’. तिच्याखालून आत शिरताना तो वर बघायचं टाळायचा.

पिंकी त्याची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. सातिवलीच्या एका कंपनीने तिला परीक्षेला बोलावलं. घरच्यांनी बजावलं होतं, ही नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मामाच्या दुकानात काउंटरवर बसायचं. ॲन्सेल्म मात्र निर्धास्त होता. झोपेतून उठवलं तरी कमांड म्हणून दाखवेल अशी पोरगी!

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली ती उभीच राहिली.

"सर, टेबलवर राऊटर होता, लॅपटॉप होता, एक निळी केबल होती. बोलले, चालू करून दाखव."

"मग?"

"मी लॅपटॉप ऑन केला आणि वाट बघत बसले. आपल्याकडे कॉम्प्युटर ऑन झाला की राऊटर येतोच ना! मला वाटलं, लोड होतोय. पाच मिनिटं, सर! ते हसायला लागले. राऊटरला वेगळं बटण असतं. मागच्या बाजूला."

"आणि केबल?"

"सेम टू सेम चार भोकं होती. मी चुकीच्या भोकात घातली. स्क्रीन काळी ती काळीच. सगळ्या कमांड पाठ होत्या. एक पण टाइप करायला नाही मिळाली."

ॲन्सेल्म भडकला. एवढ्याशा बटणापायी अशी मुलगी घालवतात? अक्कल आहे का त्यांना? कंपनीला तो दोन-चार शिव्या हासडणार, एवढ्यात पिंकीने विचारलं, "तुम्ही एकदा पण का नाही सांगितलं, सर?"

विसरलो, असं म्हणता आलं असतं. तिने ते मानलंही असतं. पण त्याला स्वतःचाच राग आला, इतका की खोटं बोलायचं त्राण उरलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मी राऊटर पाहिलेलाच नाही, पिंकी. फोटोत पाहिलाय. तोही समोरून."

ती रडेल असं त्याला वाटलं, पण ती फळ्याकडे गेली. खडू दाबून तिने एक लांबट चौकोन काढला. "हे बटण. ही वायर. निळ्या केबलचं भोक हे, ते नाही." खडू मोडला, तरी तिने उरलेल्या तुकड्याने चित्र पुरं केलं. ॲन्सेल्म पहिल्या बाकावर बसून मुकाट्याने वहीत उतरवून घेत होता.

मग तिने खडूचा तुकडा त्याच्यासमोर ठेवला.

"चारच्या बॅचला दाखवा," ती म्हणाली. "मी उद्यापासून मामाच्या दुकानात असेन."