बाजूला ठेवलेला तांदूळ

लग्न होऊन मी त्या घरात आले, तेव्हा सासूबाईंशी माझं पहिलं वाजलं ते फ्लॉवरच्या दांड्यावरून. मी तुरे तोडून घेतले आणि दांडा-पाला केराच्या टोपलीत टाकला. संध्याकाळी कामावरून आल्या आल्या त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं. दांडा उचलला, धुतला, जाड साल काढली, बारीक चिरला आणि डाळीत शिजायला टाकला. जेवायला बसल्यावर म्हणाल्या, "आजची डाळ टोपलीनं केलीय. बरी झालीय की नाही?"

मला हसावं की रडावं कळेना. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो खाली मान घालून जेवत होता. तो जेवताना कधीच बोलत नसे. ताटात पडेल ते खायचं, ताट स्वच्छ करायचं आणि उठायचं. मीठ कमी आहे, भाजी करपली आहे, असलं काही इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही. सुरुवातीला मला वाटलं, किती शहाणा नवरा मिळाला.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत होत्या. दिवसभर वाफेत उभं राहून चादरी पिळायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. पंचवीस वर्षं तेच काम केल्यामुळे बोटांची टोकं कायम सुरकुतलेली, आत्ताच पाण्यातून काढल्यासारखी. सासरे मी यायच्या आधीच गेले होते. घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकाच्या खोलीत एक खिडकी, तिच्याखाली ओटा, आणि ओट्यावर आईंचं राज्य.

त्या राज्यात काही वाया जात नसे. दुधाची पिशवी रिकामी झाली की कात्रीनं उभी कापायची, पाण्यानं खंगाळायची आणि ते पाणी चहात. बटाट्याच्या साली मीठ-तिखट लावून तव्यावर कुरकुरीत. वाटाण्याची टरफलं उकळून त्या पाण्यात डाळ. शिळा पाव उन्हात वाळवून, कुटून डब्यात, कुठल्याही पातळ रश्श्याला दाटपणा आणायला. भाताला उकळी फुटून तो अर्धा शिजला की गॅस बंद. पातेलं जुन्या चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचं. "उरलेलं काम त्याचं त्याला करू दे," त्या म्हणायच्या.

भाजी आणायला जायच्या ती बाजार आवरायच्या वेळेला. गाळ्यावरचा भाजीवाला त्यांना लांबून बघूनच टोमॅटोवर फडकं टाकायचा आणि म्हणायचा, "आल्या, इन्स्पेक्टरबाई आल्या!" दबलेले, डाग पडलेले टोमॅटो त्या निम्म्या भावात घ्यायच्या, आणि वर दोन मिरच्या.

"बाई, मिरच्या तरी विकत घ्या कधी."

"तुझ्या मुलीच्या लग्नात घेईन."

"मला मुलगीच नाही."

"मग घाई कशाला करतोस?"

मी बाजूला शरमेनं अर्धी होऊन उभी. आमची काही उपासमार नव्हती. नवरा बसडेपोत मेकॅनिक होता, आईंचा पगार होता, पुढे पेन्शनही आली. माझ्या आईला मी फोनवर सांगायचे, की इथे पैशाला तोटा नाही, पण जीव मुठीत धरून जेवावं लागतं. एकच गोष्ट मला कोड्यात टाकायची. विकत घेताना इतका हात आखडणारी ही बाई वाढताना मात्र कुणाला अर्धपोटी उठू देत नसे. "पोट भरलं?" असं विचारायची. हो म्हटलं तरी पुन्हा विचारायची, आणि तिसऱ्यांदा विचारताना डाव ताटावर आलेलाच असायचा.

आमची मुलगी झाली. साखरेचा डबा कुठेही ठेवा, ही तिथे पोचायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. आजीचा तिच्यावर जीव. पण जेवणाच्या वेळी आजी वेगळीच व्हायची. मुंगी जेवत असली की समोर बसून राहायची, घास मोजल्यासारखी तिच्या तोंडाकडे बघत.

मुंगी सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी शाळेतून आली ती कंटाळलेली. ताट समोर ठेवलं तर ढकलून म्हणाली, "मला भूक नाही."

"नको तर नको, मागून खा," मी म्हणाले आणि ताट उचलायला वाकले.

तेवढ्यात आई उठल्या. त्यांनी मुंगीचा चेहरा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि ओरडल्या, "खोटं बोलू नकोस! भूक आहे तुला! खोटं बोलू नकोस माझ्याशी!" मुंगी किंचाळली. त्या सोडायलाच तयार नाहीत. एका हातानं भाताचा घास तिच्या तोंडात कोंबायला लागल्या. मी अक्षरशः त्यांची बोटं सोडवून पोरीला ओढून घेतलं. तिच्या गालांवर लाल वळ उठले होते.

माझं डोकं फिरलं. नऊ वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "पुरे झालं आता, आई! सालीसुद्धा टाकवत नाही तुम्हाला. माझ्या पोरीपेक्षा तुम्हाला तो मूठभर भात जास्त झाला का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खाली सांडलेली शितं एक-एक वेचली आणि मोरीशी जाऊन भांडी घासायला बसल्या. घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिल्या.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मुंगी आजी दिसली की माझ्या मागे लपायची. ते त्यांना दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वाटाणे सोलत बसले होते. त्या समोर येऊन बसल्या, परातीतून मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि सोलता सोलता म्हणाल्या, "मला एक मुलगी होती."

मी हात थांबवला. नवऱ्याला बहीण होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात तिचा फोटो नव्हता.

"बारकी म्हणायचो आम्ही तिला. पाच पूर्ण होऊन सहावं लागलं होतं. तुझा नवरा तेव्हा अकराचा. ह्यांचा बाटल्यांचा कारखाना बंद पडला. भट्टी दुरुस्त व्हायची होती. मालक म्हणाला महिना, झाले सात. हे रोज सकाळी उठून मिळेल ते काम शोधायला जायचे. कधी मिळायचं, बहुतेकदा नाही. घरात जे होतं ते मी वाटून वाढायचे. आधी ह्यांना, कारण ह्यांनी उभं राहिलं पाहिजे. मग थोरल्याला, वाढता मुलगा. मग बारकीला. माझं काय, मी पाण्यावरही दिवस काढायचे."

एक शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली.

"ती पोर फार हुशार होती गं. मी वाढायला लागले की माझ्या हाताकडे नाही, पातेल्याकडे बघायची. तळ दिसायला लागला की म्हणायची, मला भूक नाही, आई. एवढंसं तोंड करून म्हणायची. आणि मी काय करायचे माहितीय? बरं म्हणायचे. दुसऱ्यांदा विचारायचेच नाही. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं."

बाहेर शेजारीण बादलीत पाणी भरत होती, तो आवाज तेवढा येत होता.

"मग ताप आला तिला. तसा ताप थोरल्यालाही आला होता आधी, चार दिवसांत उठून खेळायला लागला होता. ही तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, ताप मोठा नव्हता, अंगात झेपायची ताकदच नव्हती."

"आई," मी म्हणाले, "तुमच्याकडे द्यायला नव्हतंच, तर तुम्ही तरी काय करणार होता?"

त्यांनी मान हलवली.

"होतं. तेच तर. पलंगाखाली डब्यात तांदूळ होता. तीन किलो. मी बाजूला ठेवलेला. ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, आज कसंतरी निघतंय, उद्या याहून वाईट दिवस आला तर? त्या दिवसासाठी राखून ठेवला होता. रोज रात्री हात लावून बघायचे, आहे ना म्हणून. बारकी गेली तेव्हा तो डबा तसाच भरलेला होता."

मी विचारलं, "मग त्या तांदळाचं काय केलंत?"

"खाल्ला. काय करणार? आम्ही तिघांनी खाल्ला. पंधरा दिवस पुरला. तो संपला आणि त्याच आठवड्यात कारखान्याचा भोंगा वाजला."

पुढे त्या लॉन्ड्रीत लागल्या, बारकी ज्या हॉस्पिटलमध्ये गेली तिथेच. मुलांच्या वॉर्डातल्या लहान चादरी दुसऱ्या कुणाला देत नसत, त्यांच्या घड्या स्वतः घालत. हे मला नंतर त्यांच्याबरोबरच्या बायकांकडून कळलं.

"मग तरी तुम्ही अशा का राहिलात, आई?" मी विचारलं. "राखून ठेवल्यानं असं झालं, तरी पुन्हा राखतच राहिलात?"

"दुसरं काही मला येतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "फक्त वाढताना शिकले. विचारल्याशिवाय आता राहवत नाही." मग शेंगांची टरफलं गोळा करून उठल्या, आणि ती उकळायला ठेवू की नको, अशा माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी उठून पातेल्यात पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुंगीपुढे गुडघे टेकून बसल्या. म्हणाल्या, "मी चुकले. तुला दुखवलं. बाजारात येतेस? तुला हवं ते घेऊ." मुंगीनं माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. सकाळच्या बाजारात, पूर्ण भावात, मुंगीनं बोट दाखवलेली द्राक्षं त्यांनी घासाघीस न करता घेतली. भाजीवाला म्हणाला, "इन्स्पेक्टरबाई, तब्येत बरी आहे ना?" द्राक्षं आंबट निघाली. मुंगीनं एक खाऊन तोंड वाकडं केलं. बाकीची आईंनी चार दिवस पुरवून खाल्ली.

नवऱ्याला मी विचारलं, तुला बारकी आठवते का? तो बूट घालत होता. "आठवते," म्हणाला आणि कामावर निघून गेला. मी पुन्हा विचारलं नाही. त्या घरात मीही तेवढं शिकले होते.

तीन वर्षांनी आईंच्या छातीत पाणी झालं. त्याच हॉस्पिटलात ठेवलं. लॉन्ड्रीतल्या जुन्या मैत्रिणी दुपारच्या सुट्टीत येऊन चादर बदलून जायच्या, म्हणायच्या, "ही घडी बघ, तुझ्यासारखी आली का?" आई मान हलवायच्या, नाही म्हणून.

एका संध्याकाळी नवरा डेपोतून थेट तिथे आला. हाताला अजून ग्रीस होतं. पलंगाशी उभा राहिला आणि अचानक म्हणाला, "आई, मला तांदळाचं माहीत होतं."

आईंनी डोळे उघडले.

"पलंगाखाली माझा चेंडू गेला होता. काढताना डबा दिसला. उघडून बघितला." "मी बारकीला सांगितलं नाही. तिनं मागितला असता, तू दिला असतास, आणि माझ्या वाटणीचं कमी झालं असतं, म्हणून. तिच्या ताटातला अर्धा बटाटाही मी घ्यायचो. ती द्यायची आणि मी घ्यायचो."

एकतीस वर्षं तो हे पोटात घेऊन जेवत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"किती वर्षांचा होतास तू?" आईंनी विचारलं. श्वास घेत घेत, तुटक.

"अकरा."

"आणि मी?"

तो ग्रीसचे हात पँटला पुसायला लागला.

"मी आई होते. ते माझं आहे. तू त्यातलं काही घेऊ नकोस." त्यांनी त्याचा काळा झालेला हात ओढून छातीवर ठेवला. "ऐकलंस? ह्यातलं तुला काही नाही."

त्यानंतर त्या पाच दिवस होत्या. फारसं बोलल्या नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी, नर्स गोळ्या द्यायला आली तेव्हा, गेल्या होत्या.

अंत्यविधी उरकून घरी आल्यावर मी भात टाकला. तिघं जेवायला बसलो. नवऱ्यानं दोन घास खाल्ले, हात थांबवला आणि मुंगीला म्हणाला, "तुला एक आत्या होती." पहिल्यांदाच तो जेवताना बोलत होता. ती कशी दिसायची, कशी एका पायावर उड्या मारत जिना उतरायची, त्याचे चेंडू कसे लपवायची, सगळं सांगत राहिला. भात गार झाला.

मुंगीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती आता केवढी असती?"

त्यानं जरा विचार केला. "छत्तीस," म्हणाला, आणि ताटावरून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.