पाचावरचा ठिपका

ऑपरेटरबाईंनी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं काढली होती. नजर नोंदवहीवर, बोटं बटणांवर. आता डोळे अधू झाले, तेव्हा सून त्यांना साधा, बटणांचा स्वस्त मोबाइल घ्यायला दुकानात घेऊन आली.

"आजी, यात हजार नंबर राहतात," दुकानदार लहान मुलीला समजवावं तसं म्हणाला. "पाठ करायची कटकट नाही."

डोळे मिटून बाईंनी मांडलेल्या चारही फोनांवरून अंगठा फिरवला आणि तीन बाजूला सारले. "यांच्या पाचावर ठिपका नाही. न बघता पाच सापडत नसेल, तर तो फोन माझ्या काय कामाचा?"

दुकानदाराने चौथा चाचपून पाहिला. दहा वर्षं फोन विकूनही हा बारीक उंचवटा त्याला आज कळत होता. त्याने त्यात बाईंचं सिमकार्ड घातलं.

"ह्यांना लावून बघू," म्हणत सुनेने नंबरासाठी स्वतःचा मोबाइल काढला, तर बॅटरी संपलेली. नवऱ्याचा नंबर तिला काही केल्या आठवेना.

बाईंनी पुन्हा डोळे मिटले. अंगठा ठिपक्यावर टेकला आणि तिथून दहा आकडे भराभर फिरला. पलीकडून मुलाचा आवाज येताच त्यांनी फोन सुनेपुढे धरला.

"बोला, लाइन जोडलीय."