सुभेदारांचा लिंब

म्हसवडमध्ये आजवर पाण्यात बुडून मेलेलं झाड एकच, आणि ते मी मारलं.

ज्यांना म्हसवड ठाऊक नाही त्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही. इथे नळाला पाणी आलं की गल्लीत एकमेकांना हाका मारून सांगतात. मी मात्र सांगलीचा, कृष्णाकाठचा. आमच्याकडे झाड लावावं लागत नाही, ते येतं. नको असेल तर उपटावं लागतं. अशा माणसाची बदली बँकेने नेमकी सासरवाडीला केली (बँकेचं भलं होवो!) आणि मी सुनंदासह, म्हणजे बायकोसह, तिच्या वडिलांच्या घरी राहायला आलो.

सासरे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. मी त्यांना मामा म्हणतो, गल्ली सुभेदार म्हणते, आणि ते कोणाचंच ऐकत नाहीत. बर्फात बंदूक घेऊन उभा राहिलेला हा माणूस मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मात्र थरथर कापायचा! दोन्ही डोळे पिकलेले. एकदा दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या शर्टाला त्यांनी "या, बसा" म्हटलं. तरी विषय काढला की, "दिवाळी हुंद्या", "ऊस जाऊंद्या". (ऊस आमचा नव्हताच. कोणाचा जायचा होता कोण जाणे!)

एके दिवशी रस्ता ओलांडताना ते ट्रॅक्टरखाली येता येता वाचले. सुनंदाचा धीरच सुटला.

"आवं, तुमी कायतरी करा. आबा तुमचं ऐकतील."

माझं! या घरात माझं मांजरसुद्धा ऐकत नाही!

पण संधी चालून आली. पालिकेने घरटी एक रोप दिलं, दारापुढे लावायला. सोबत लोखंडी पिंजरा आणि त्यावर घरातल्या वडीलधाऱ्याच्या नावाची पाटी. आमच्या वाट्याला कडुलिंब आला. सगळी गल्ली जमली, नारळ फुटला, आणि मला भाषणाची हुक्की आली.

"आजपासून हा लिंब म्हणजे आमच्या मामांची तब्येत! याला नवी पालवी फुटली की मामा ऑपरेशनला जाणार! काय मामा?"

टाळ्या! एवढ्या लोकांपुढे फौजी माणूस मागे कसा हटणार? "दिला शब्द!" मामा गरजले. मी सुनंदाकडे बघून हळूच भुवई उडवली. संसारात भुवई उडवायची माझी ती शेवटची वेळ.

आठवडाही झाला नसेल, शेजारच्या हौसाक्का बाहेरून ओरडल्या, "आवं जावईबापू, शेळीनं सुभेदाराचा शेंडा खाल्ला वो!"

"अहो, शेळी तुमची आहे!"

"माजी हाय, पर ती माजं ऐकती व्हय?"

आतून मामांचा आवाज आला, "बगा! शकुन बरा न्हाई. ऑपरेशन रद्द!" आवाजात इतका आनंद मी लग्नातही ऐकला नव्हता.

"रद्द नाही मामा! फुटेल परत!"

मग मी पेटलो. पिंजऱ्याला बारीक जाळी बांधली. बुंध्याभोवतीचं मातीचं आळं दिसायला बरं दिसेना, म्हणून हौसेनं सिमेंटचं पक्कं आळं बांधलं. थेंब बाहेर जाता कामा नये! गेलाही नाही. रोज सकाळी मी त्यात बादलीभर पाणी ओतू लागलो. शेळीने ठेवलेली चार पानंही पिवळी पडली.

"पाणी कमी पडतंय," मी निदान केलं आणि संध्याकाळचीही बादली सुरू केली.

पानं आणखी पिवळी. मामांना दिसत नव्हतं, पण गल्ली कशाला आहे? "सुभेदार, आज लय मलूल दिसतंया तुमचं झाड." मामा लगेच खाटेवर आडवे. एरवी चार भाकरी खाणारा माणूस दीडवर आला. म्हणजे बहाणा म्हणून सुरू झालेलं हे प्रकरण त्यांनी खरंच मनाला लावून घेतलं होतं. सुनंदा माझ्याशी बोलेना. बोलली तेव्हा एवढंच, "कुनी सांगितलं हुतं भाषन करायला?"

एका दुपारी मी रोप जरा सरळ करावं म्हणून धरलं, तर ते सबंध हातात आलं. मुळं काळी, कुजलेली. वास असा की शेळीसुद्धा दोन पावलं मागे सरली.

चौकशी केली. सुनंदा तांदूळ धुतलेलं पाणी रोज घालत होती. हौसाक्का कळशी ओतत होत्या ("शेळीचं पाप डोक्यावर नको!"). आणि मामा स्वतः, भिंत चाचपत, दुपारचा तांब्या रिकामा करून येत. प्रत्येकाला वाटायचं, बाकीच्यांना मेल्यांना काळजीच नाही! दुष्काळी गावात त्या लिंबाने सिमेंटच्या डबक्यात जीव सोडला.

मामांची झोप उरकायच्या आत दुसरं रोप आणायला हवं होतं. मी गाडी दामटत रोपवाटिका गाठली.

"लिंब संपला," मालक म्हणाला. "करंज न्या. त्यो बी हिरवाच असतोय."

मी म्हटलं, मामांना तरी कुठे दिसतंय! आणला करंज.

गुपचूप लावायचा बेत होता. पण आमच्या गल्लीत गुपचूप शिंकताही येत नाही. मी खड्डा काढतोय आणि भोवती दहा जण. "तिरकं झालं गड्या!" "आदी ते शिमिट फोडा!" "आवं, पर ह्यो करंज हाय नव्हं?"

"हळू बोला!" मी ओरडलो. त्यानेच मामा जागे झाले.

"कसला गलका हाय?"

"पालवी फुटली, मामा!"

मामा आले. जाळी बाजूला सारून पान चाचपलं. "पान लय थोराड लागतंय."

"खत घातलं, मामा."

त्यांनी पान तोडलं आणि तोंडात टाकलं! सगळी गल्ली श्वास रोखून उभी. हौसाक्कांनी तोंडात पदर कोंबला.

"हां," मामा थुंकत म्हणाले, "कडू हाय. शब्द म्हंजे शब्द. गाडी सांगा."

सुनंदा त्यांना घेऊन सांगलीला मेव्हण्याकडे गेली आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झटक्यात झालं. सुनंदा फोनवर रडत होती, "आवं, आबांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं! बारीक अक्षरं सुदिक!" माझेही डोळे भरून आले. खरंच आले. फोन ठेवला, चहाचा घोट घेतला, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामांना आता दिसतंय!

काळा चष्मा लावून मामा गाडीतून उतरले ते थेट पिंजऱ्यापाशी. झाड बघितलं. समोरच्या दारातला लिंब बघितला. पुन्हा झाड. मग मला बघितलं.

"जावईबापू."

"मामा."

"ह्यो करंज हाय."

गल्लीत एकाएकी सगळ्यांना कामं आठवली.

"सुनंदे," मामा म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याची तारीख घे. लौकरची."

"आबा! तुमी तर भीत हुता!"

"भीत हुतो. पर एका डोळ्यानं येवढं दिसलं. ह्यानं आनी काय काय दडीवलंय ते बगायचं हाय मला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेंटर बोलावून पाटीवरचं स्वतःचं नाव खोडलं आणि तिथे माझं लिहून घेतलं. करंज आता पिंजऱ्याबाहेर गेलाय. त्याला कोणी पाणी घालत नाही. शेळी येते, हुंगते आणि तोंड फिरवून जाते. मामांचे दोन्ही डोळे लख्ख झालेत. ते रोज दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात करून दाखवतात, "ह्यो आमचा जावई. लिंब म्हून आनला, करंज निगाला."