खिशातला चौथा फ्यूज

आधीच सांगून ठेवतो, भूतबित, करणी, नजर असलं काही मानणाऱ्यांतला मी नाही. आमच्या लाइनमध्ये तार जिवंत असते नाहीतर मेलेली... मधलं काही नसतं. गौलीगुड्यातल्या आमच्या घराण्यात सगळे मास्तर, वकील नाहीतर सरकारी नोकर. पकड आणि पेचकस घेऊन हिंडणारा मी एकटाच. बायकोने दारावर टांगलेल्या कोहळ्याचीही मी टिंगल करतो. म्हणजे मी कसा माणूस आहे ते कळलं असेल.

गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली, दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमधली. तिसऱ्या मजल्यावरच्या लाइट-पंख्यांच्या बोर्डातून जळका वास येत होता, म्हणून मी आणि सलीमभाई सकाळी अकराला तिथे पोचलो. सलीमभाई माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, पण लायसन्स माझ्या नावावर आहे म्हणून मला ‘साब’ म्हणतात. हात त्यांचे, जबाबदारी माझी, असं वीस वर्षं चाललंय.

आमची एक पद्धत आहे. नुसता मेन बंद करून भागत नाही, कोणीतरी शहाणा येऊन चालू करतोच. म्हणून मेनचे फ्यूज – त्या पांढऱ्या चिनी मातीच्या ग्रिपा – उपटून मी स्वतःच्या खिशात ठेवतो. काम संपेपर्यंत ते माझ्या अंगावर. त्या दिवशीही तळमजल्यावर तीन फ्यूज काढले, डांगरीच्या छातीवरच्या खिशात टाकले, चेन ओढली. वर येऊन बोर्डाला टेस्टर लावला. मेलेला.

“बंद है ना साब?” सलीमभाईंनी विचारलं.

“हौ, बंद है. डालो हात.”

त्यांनी दोन्ही हात आत घातले आणि उघड्या पट्टीवरचा जळका नट सोडवायला लागले. पाचेक मिनिटं झाली असतील... आणि वर गच्चीवर जनरेटर धडधडायला लागला.

जनरेटर! इथे जनरेटर आहे का, हे मी कोणाला विचारलंच नव्हतं. सव्वीस वर्षांचा अनुभव, आणि शिकाऊ पोरासारखी चूक! सलीमभाईंची कॉलर धरून मागे खेचलं, आणि दोघंही स्टुलासकट आडवे झालो.

“क्या हुआ साब?” सलीमभाई माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना काहीही झालं नव्हतं.

तेवढ्यात तिथला शिपाई यादगिरी जिन्यावरून धावत आला. मुलांची टेस्ट चालू होती, पंखे बंद, म्हणून सरांनी त्याला वर पाठवलं होतं. “सार, मैं जनरेटर चालू करा, फिर भी लाइट नै आरी!”

त्याच्याबरोबर गच्चीवर गेलो. कोणा महाभागाने जनरेटरची तार, मध्ये चेंजओव्हर स्विच (एका वेळी मेन किंवा जनरेटर, एकाचीच लाइन जोडणारा) न घालता, थेट आमच्याच बोर्डात नेऊन जोडली होती. म्हणजे खाली मी काहीही काढलं तरी जनरेटर सुरू झाला की ती पट्टी जिवंत. सलीमभाईंचे हात जिच्यावर होते तीच. मग करंट आला का नाही? जनरेटरशेजारचा डबा उघडला. आत फ्यूजची जागा रिकामी.

“सुबह चलाके देखा मैं, फ्यूज था सार,” यादगिरी म्हणाला.

माझा हात आपोआप छातीवर गेला. खिसा जड वाटला. चेन उघडली.

चार फ्यूज.

तीन माझे, स्वच्छ. चौथा डिझेलच्या काजळीने काळवंडलेला, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. यादगिरी ओरडलाच, “येइच है सार!” जनरेटर बंद करून तो डब्यात घालून बघितला. बरोब्बर बसला. खाली आल्यावर यादगिरीने सलीमभाईंना सांगून टाकलं, फ्यूज साबच्या खिशातच होता.

आता तुम्ही म्हणाल, कामाच्या नादात तुम्हीच काढला असेल. मीही स्वतःला हेच समजावलं. पण गच्चीच्या दाराला कुलूप होतं, किल्ली यादगिरीच्या कमरेला, आणि त्या गच्चीवर मी जन्मात पहिल्यांदा पाय ठेवत होतो. सेंटरच्या मॅनेजरने जिन्यातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवलं. यादगिरी सोडून वर कोणी गेलेलं नाही. मी तीनदा बघितलं. बायको म्हणाली, देवाने काढला. मी म्हटलं, मग देवाने चेंजओव्हरच का नाही बसवला? त्यावर दोन दिवस अबोला.

आठवड्याने सलीमभाईंच्या घरून डबा आला, जर्दाळूंचं गोड, खुबानी का मीठा. मागोमाग भाभींचा फोन. “भाईजान, ये बोलरे आप पहलेइच जनरेटर का फ्यूज निकालके जेब में रखे थे. आपकु सूझा कैसा?”

काय सांगणार? “ऐसेच, भाभी,” म्हणालो आणि फोन ठेवला. तो मीठा मी चाखलासुद्धा नाही. लाज वाटत होती.

फ्यूज माझ्या खिशात कसा आला, मला आजही माहीत नाही. कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. मी काढला नव्हता, एवढं मात्र खरं. सलीमभाईंना हे अजून सांगू शकलेलो नाही. इथे लिहितोय, कारण त्यांना मराठी वाचता येत नाही.