रंजनाने अडवलेला सिलिंडर

रंजना गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या स्टँडवर उभी होते. झोपेतच हृदय बंद पडलं... रडू नंतर आलं. आधी किळस आली. मरणाची नव्हे, एका माणसाची.

रंजना उंब्रजची, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. आमच्या नेमबाजी संस्थेत ती मुलींना एअर रायफल शिकवायची. ही रायफल दाबलेल्या हवेवर चालते. मोठ्या सिलिंडरमधून ती रायफलच्या नळकांड्यात भरावी लागते. मागच्या वर्षी स्पर्धेत, ऐन फेरीच्या तोंडावर, आमचा सिलिंडर रिकामा निघाला. संस्थेचे अध्यक्ष कुठल्याशा दवाखान्यातून ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आले. "भरा. हवा ती हवाच!"

रंजना आडवी उभी राहिली. "आवं, ही साधी हवा न्हाई, निव्वळ ऑक्सिजन हाय. आत तेला-ग्रीसचा अंश असला तरी दाबानं पेट घेतंय. पोरी रायफल गालाला लावून धरत्यात. फुटलं तर तोंड ऱ्हाईल का?"

"पाहुण्यांसमोर माझी शोभा करताय?" अध्यक्ष खेकसले.

"मला काढायचं तर काढा. पोरींच्या रायफलीला ह्ये लावू देणार न्हाई."

मुली फेरीला उतरल्याच नाहीत. पुढच्याच बैठकीत तिला काढलं. वर गावभर सांगितलं, बाईनं हेव्यापोटी पोरींचं पदक घालवलं. काही पालकांना ते पटलंही! रंजना मात्र कडेगावला भावाच्या शेडमध्ये, येतील त्या मुलींना शिकवत राहिली...

शोकसभेत तेच अध्यक्ष डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, "ताईंनी आम्हाला सुरक्षेचा धडा दिला. त्यांच्या नावाने स्पर्धेत फिरती ढाल ठेवतोय." मी उठले. "ढाल नंतर ठेवा. आधी सांगा, तिला का काढलं?"

शेजारणीनं माझा पदर ओढला. "गप गं, मयताच्या सभेत असं बोलत्यात व्हय?" अध्यक्ष पाणी प्याले आणि त्यांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

रंजनाची एक सवय मला कायमची लागली आहे. दाबाचं काहीही उघडताना तोंड बाजूला, हात हळू. काल स्वयंपाकघरात गॅस बदलून मी तशीच मान वळवून रेग्युलेटर फिरवत होते. सून हसली, "आई, बंदूक भरताय व्हय?"

मी हळूहळू फिरवत राहिले...