मोठ्या मापाचे दात

बालपणाच्या आठवणींनी ज्यांचा गळा दाटून येतो, अशा माणसांचा बारक्याला मनस्वी तिटकारा होता. आणि धंदाच असा, की अशी माणसं त्याला रोज भेटत. तो कवळ्या बनवायचा. दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना वरच्या मजल्यावर आणि बारक्याची खोली खाली, जिन्याला लागून. वर हिरड्यांचं माप देऊन झालं की म्हातारी मंडळी हळूहळू जिना उतरत, त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसत आणि बोळक्या तोंडाने सुरू होत. आमच्या वेळी बापाचा धाक होता. आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो. बारक्या हातातलं काम थांबवून त्या माणसाला एकदा खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळायचा. घडलेलं काही त्याला दिसायचं नाही. मग तो घासायचं यंत्र चालू करायचा, म्हणजे पुढचं कीर्तन ऐकू येत नसे.

पन्नाशी उलटली तरी तो बारक्याच राहिला होता. घरातलं शेंडेफळ, त्यात अंगापिंडाने किरकोळ. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचा, उगाच कुणाचातरी बाप झालो असतो. लोकांना हा विनोद वाटायचा आणि ते हसायचे. हसताना त्यांचे दात बघून बारक्या मनातल्या मनात मापं घ्यायचा, छोटं, मधलं, मोठं. तेवढंच एक त्याला माणसांमध्ये बघण्यासारखं वाटे.

त्याचे वडील, अण्णा, मालाच्या गोदामावर मुकादम होते. दोन खोल्यांचं घर, आई, ताई आणि हा. अण्णा मारताना कधी ओरडत नसत, शिवी देत नसत. वरच्या दातांनी खालचा ओठ दाबून धरायचे आणि हात चालवायचे. त्यामुळे आवाज व्हायचा तो फक्त हाताचा. शेजारीपाजारी म्हणत, काय शांत घर आहे हो तुमचं. त्या शेजाऱ्यांनाही बारक्याने आजवर माफ केलेलं नव्हतं.

एका सकाळी ताईच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं आणि अण्णांचा हात तिच्या डाव्या कानावर बसला. तो कान कायमचा गेला. संध्याकाळपर्यंत घरात ठरलं, की तापात गेला. आईने डॉक्टरांना ताप सांगितला, शाळेत ताप सांगितला, पुढे ताईच्या सासरीही तापच सांगितला. आई गेल्यावर ते काम ताईने स्वतःकडे घेतलं. अण्णा आता तिच्याकडेच राहत होते आणि तिची ऐकू न येणारी बाजू बरोबर गाठून काहीतरी मागत, मग तिने ओ दिली नाही म्हणून चिडत. बारक्याने एकदा विषय काढला होता. दाराआडून मी सगळं बघितलंय, म्हणाला. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर न बघता म्हटलं, "तू तेव्हा एवढासा होतास. तुला काय आठवणार?"

झालं. त्याच्याखेरीज जगात एकच साक्षीदार उरला होता आणि तोही फितूर. तेव्हापासून बारक्याची एकच इच्छा उरली होती, की ताप नव्हता एवढं या घरातल्या कुणीतरी एकदा तोंडाने म्हणावं. त्याच्या समाधानासाठी नव्हे, असं तो स्वतःला सांगायचा. ते अर्थातच खोटं होतं. त्याला ते भुकेसारखं हवं होतं.

अशात अण्णांना भाषणाचं बोलावणं आलं. ज्येष्ठ नागरिकांचं एक मंडळ होतं, तिथे दर आठवड्याला एक म्हातारा उभा राहून बाकीच्यांना शहाणपण शिकवायचा. अण्णांच्या वाट्याला विषय आला होता मुलांना घडवण्याचा. ताईने हे फोनवर सांगितलं तेव्हा बारक्या इतका हसला की त्याला ठसका लागला. पण खरी अडचण पुढेच होती. अण्णांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता आणि दातांशिवाय 'संस्कार' हा शब्द त्यांच्या तोंडून धड बाहेर पडेना. तेव्हा कवळी हवी, आणि मुलगा घरचाच असताना दुसरीकडे कशाला जायचं.

नाही म्हणायला बारक्याची जीभ रेटली नाही. याबद्दल तो स्वतःलाही हसला. डॉक्टरांनी वर माप घेतलं, साचा खाली आला. बारक्याने तो हातात घेऊन फिरवला. ज्या जबड्याला तो लहानपणी थरथर कापायचा तो हा, गुळगुळीत, निरुपद्रवी, मुठीत मावणारा. मग त्याने कपाटातून दातांचे तयार संच काढले आणि काम सुरू केलं. अण्णांचे दात कसे होते हे त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती. ते त्याला पाठ होते.

कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवून एकदा तोंडात घालून बघतात. त्यासाठी अण्णा ताईबरोबर आले. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी खोलीतल्या धुळीवर टीका केली, मग भाषणाकडे वळले. मुलांवर कधी बोट उगारलं नाही, नुसत्या नजरेच्या धाकावर वाढवली, असं ते सांगणार होते. बारक्याने पहिल्या रांगेत बसायचं होतं, जिवंत उदाहरण म्हणून.

बारक्याने दात रोवलेली मेणाची पट्टी टेबलावर ठेवली. "आणि ताईचा कान?"

"तो तापात गेला," अण्णा म्हणाले. एवढं मात्र दातांशिवायही स्वच्छ म्हणता आलं. ताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, जणू तिथे काही मजकूर होता.

बारक्याने त्यांना तोंड उघडायला सांगितलं आणि दात बसवले. बसवताक्षणीच ताई म्हणाली, अरे, हे केवढे मोठे. ते खरंच राक्षसी दिसत होते. त्या आक्रसलेल्या चेहऱ्यात ते मावेनात, ओठ मिटेनात. अण्णांनी आरशात पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. असे नव्हतेच माझे दात, ते बोबडं बोबडं म्हणाले. ताईनेही दुजोरा दिला. अण्णांचे दात लहान होते, तांदळासारखे, आई त्यावरून चिडवायची सुद्धा. बारक्याला हे पटेना. त्याने साच्यावर मोजपट्टी लावली. जबडा सांगत होता छोटं माप. त्याने बसवलं होतं कपाटातलं सगळ्यात मोठं. शिकाऊ माणसानेही केली नसती अशी चूक करून तो आपल्याच टेबलाशी उभा होता.

अण्णांना ते दात तोंडात सलायला लागले. ओठ मिटायच्या खटपटीत त्यांनी वरचे दात खालच्या ओठावर दाबले आणि पट्टी काढायला हात वर केला.

बारक्या मागे सरला. नुसता सरला नाही, कपाटावर आदळला, आणि त्याचे दोन्ही हात कानांवर गेले. केस पिकलेला माणूस, कमरेला प्लास्टरने बरबटलेला एप्रन, आणि कोपरं वर काढून, मान खांद्यात घालून उभा. असा तो किती वेळ होता त्यालाच कळलं नाही. भानावर आला तेव्हा अण्णांचा हात तसाच हवेत होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी हात हळूहळू खाली आणला. तोंडातले दात ताईनेच काढून टेबलावर ठेवले.

"लहान कर," अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले आणि काठी शोधायला लागले.

बारक्याने छोट्या मापाचे दात बसवले, कवळी पक्की केली, घासून पुसून घरी पोचवली. त्याचा संताप आता दुप्पट झाला होता. एका फुसक्या म्हाताऱ्याला भिऊन आपण कपाटावर आदळलो याची लाज त्याला झोपू देईना. भाषणाला जायचं नाही हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. त्या दुपारी तो दुसऱ्या कुणाच्यातरी सुळ्यांना पॉलिश करत बसला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिने जे सांगितलं ते असं. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले, टाळ्या वगैरे झाल्या. सुरुवात छान झाली. मग म्हणाले, मी माझ्या मुलांवर कधी, आणि तिथे थांबले.

"का थांबले?" बारक्याने विचारलं.

"मी पहिल्या रांगेत होते. नीट ऐकू यावं म्हणून मान वळवली, उजवा कान पुढे केला. नेहमी करते तशी. ते बघतच राहिले माझ्याकडे."

मग अण्णांनी भर सभेत कवळी काढली, रुमालात गुंडाळली, टोचते म्हणाले आणि खाली उतरले. मंडळात बोभाटा झाला. मुलगा म्हणे दातांचं काम करतो आणि बापाला धड कवळी देता येत नाही. अण्णाही सगळ्यांना तेच सांगत सुटले होते, पोरानं कवळी बिघडवली.

बारक्याच्या तोंडाला कडवटपणा आला. शेवटी हेच. एक वाक्य गिळायचं तर त्यालाही पोराचा आडोसा लागला या माणसाला. एवढा भित्रा माणूस आपण जन्मभर मोठा समजून बसलो.

"टोचत नाही रे," ताई म्हणाली. "घरी आल्यावर कडक टोस्ट खाल्ला त्यांनी त्याच दातांनी."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, मग तो थांबला.

"आणि मला ताप नव्हता, बारक्या," ती म्हणाली. "तू एवढासा होतास, पण तुला बरोबर आठवतंय."

इतकी वर्षं वाट बघितलेलं वाक्य असं, टोस्टच्या गोष्टीला जोडून आलं होतं. ताईने मग नेहमीच्या आवाजात विचारलं, की मंडळाचे लोक उद्या पुन्हा विचारतील, कवळीचं काय झालं म्हणून. त्यांना काय सांगू?

"सांग, मीच बिघडवली," बारक्या म्हणाला.

न केलेली चूक त्याने आयुष्यात पुष्कळदा कबूल केली होती. मार न खाता कबूल करायची ही पहिलीच वेळ.