घराबाहेरची खोप

घरं बांधणारे वेगळे होते, मी त्यांत माणसं टिकवणारी. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं तेव्हाची ही गोष्ट. किन्हवलीहून मुरबाडच्या अंगाला अर्ध्या तासाच्या वाटेवर, एका माळावर, एका संस्थेने बारा घरं उभी केली होती. विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. ती दिली होती कोळशाच्या भट्ट्यांवर आणि रानात जन्म काढलेल्या कातकरी कुटुंबांना. संस्थेच्या मंडळींनी किल्ल्या वाटल्या, गळ्यात हार घालून घेतले आणि शहापूरची गाडी पकडली. मागे राहिले मी. ही माणसं या घरांतून उठून जाता कामा नयेत, एवढंच मला सांगितलं होतं.

मी तेव्हा पंचविशीतली, लग्न झाल्यावर दोनच वर्षांत नवरा गेलेली, कल्याणला भावाच्या घरात भावजयीच्या डोळ्यांत सलणारी. नोकरी मिळाली तेव्हा कुठे, कसली, हे विचारण्याच्या फंदात पडले नाही. किन्हवलीत एका शेतकऱ्याच्या पडवीला लागून खोली घेतली. घरमालकीण भली बाई, पण रोज सकाळी मला निघताना पाहून म्हणायची, त्या लोकांना घर पचत नाय गो. मी मुळात तापट. तिला एकदा म्हणाले, तुम्हाला पचलं ना, मग झालं. त्यानंतर दोन दिवस मला ताक मिळालं नाही.

पण पहिल्या वर्षी तिचंच खरं होतंय असं वाटायला लागलं. माणसं अंगणात झोपायची आणि घरात शेळ्या बांधायची. मी रागावले, ओरडले, शेळ्या सोडून दिल्या. मग एक दिवस आत चुलीपाशी जाऊन बसले तेव्हा कळलं. खिडकी हातभर, धूर जायला वाट नाही. त्यांच्या जुन्या खोपीत कारवीच्या काड्यांच्या कुडातून धूर आपोआप झिरपून जातो. विटांच्या भिंतीतून कुठून जाणार? डोळे चोळत बाहेर आले आणि चुलीवरची कौलं उचलून मधे दगड ठेवायला लावले. पावसाळ्यात त्यातून गळायला लागलं, तेव्हा सगळ्या बायकांनी मिळून मला शिव्या घातल्या. त्या शिव्यांनी मला बरं वाटलं. घर गळतंय म्हणून भांडायला आधी माणसाने त्या घराला आपलं म्हणावं लागतं.

दिवाळी झाली की भट्टीचा मुकादम ट्रक घेऊन यायचा आणि अख्खी वाडी उंबरमाळीच्या रानात कोळसा पाडायला निघायची. संस्थेचा नियम असा, की तीन महिने बंद राहिलेलं घर काढून घ्यायचं. गावातल्या काही शेतकऱ्यांचा डोळा त्या माळावर होताच. म्हणून प्रत्येक घरातलं एक तरी माणूस मागे राहावं यासाठी मी दारोदार हुज्जत घालायची. जिथे हुज्जत घालावी लागली नाही असं एकच घर होतं.

त्या घरातला माणूस चाळिशीचा असावा. काटकुळा, बोलायला कमी. भट्टीवर जन्मला, पण कुठल्या भट्टीवर ते त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वर्षापासून तो ट्रकमध्ये चढलाच नाही. किन्हवलीतल्या शेतांवर गवत कापायचा, लावणी-कापणीला जायचा. बायको लाकडाची मोळी बाजारात नेऊन विकायची. दोन मुली होत्या, थोरली आठ-नऊ वर्षांची. संध्याकाळी तो घरात शिरून मागच्या भिंतीला पाठ लावून बसायचा, बाकी काही नाही. एकदा मी विचारलं, असा काय बसतोस रे रोज? तर म्हणाला, पाठीशी भिंत असली की मागून काय येल याचं भ्या नाय. मी कामाला आल्यापासून कुणी मला एवढं समाधान दिलं नव्हतं.

तिसऱ्या पावसाळ्यात कडेच्या घरातला एक मुलगा हगवणीने गेला. तीन दिवसांनी मी पाहते तो घर मोकळं. भांडी, शेळ्या, कोंबड्या, सगळं घेऊन ती माणसं निघून गेली होती. वाडीतली म्हातारी सुईण होती, तिने मला समजावलं. तिच्या लोकांत ज्या घरात माणूस मरतं ते घर त्याचं होतं. जित्यांनी तिथे राहायचं नाही. खोप असते तेव्हा कुणाचं काही बिघडत नाही. चार कारव्या, थोडा पेंढा, मोडली आणि चार पावलांवर दुसरी बांधली. विटांचं घर कसं उचलणार?

मी त्या कुटुंबाला शोधत सापगावपर्यंत गेले. नदीकाठी पाल्याच्या आडोशाला बसली होती. मी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. घराला चुना लावून देते म्हणाले, हवी तर पूजा घालते म्हणाले. पोराची आई माझ्याकडे न बघता म्हणाली, तिथं तो हाय, बाई. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका घरात एक म्हातारा गेला आणि तेही घर असंच ओस पडलं. गावातल्या एकाने त्यात आपला पेंढा भरून टाकला. शहापूरला संस्थेच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, आणखी एक-दोन घरं अशी गेली तर वसाहत मोडावी लागेल, जमीन परत द्यावी लागेल. अंधश्रद्धा काढून टाका त्यांच्या डोक्यातून, म्हणाले. जशी काही ती केसांतली ऊ होती.

त्याच सुमारास त्या भिंतीला पाठ लावून बसणाऱ्याला खोकला लागला. आधी भट्टीवरचा जुना धूर बाधला म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. मग थुंकीतून रक्त यायला लागलं. शहापूरच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला, तोही दोन्ही बाजूंचा. मी त्याला एसटीने इंजेक्शनांना नेत असे. गाडीत लोक आमच्यापासून लांब सरकून बसायचे. मला तेवढीच ऐसपैस जागा. पण माणूस दिवसेंदिवस वाळत गेला. आषाढ लागला तेव्हा त्याला चार पावलं टाकली तरी दम लागायचा.

एक दिवस तो आपण होऊन म्हणाला, मला दवाखान्यात नेऊन ठेवा. तोवर दवाखान्यात राहायचं नाव काढलं की तो तोंड फिरवायचा. मला आनंद झाला. जगायची इच्छा झाली आहे याला, असं मी सुईणीलाही सांगितलं. ती चुलीत फुंकर घालत राहिली. दवाखान्यात त्याला थोडे दिवस ठेवून घेतलं आणि मग डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. आता करण्यासारखं काही उरलं नाही, खाट दुसऱ्याला हवी आहे, घरी न्या. मी भांडले. भांडून खाट मिळत नाही. परतीच्या वाटेवर तो खिडकीच्या दांडीला धरून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, मरणाला भ्याला असेल.

वाडीत आल्यावर तो घरात जाईना. दारासमोरच्या दगडावर बसून राहिला. पाऊस लागला होता. बायकोने गोणपाट आणून त्याच्या डोक्यावर टाकलं, पण त्याला आत चल म्हणाली नाही. ते बघून माझं डोकं फिरलं. मी तिला नाही नाही ते बोलले. नवऱ्याचं दुखणं जड झालं म्हणून त्याला पावसात बसवतेस का, म्हणाले. ती खाली मान घालून उभी राहिली. दोन गडी बोलावून मी त्याला उचलायला लावलं, तेव्हा त्याने माझा हात धरला.

"बाई, मना भायेर राहूं द्या," तो म्हणाला. "मी आत मेलो त ह्या तिघी रानात जातीन. पुन्ना भिंत नाय मिळाची त्यांना."

दवाखाना त्याला कशासाठी हवा होता ते मला तेव्हा कळलं. मी त्याच्या बायकोकडे वळले. त्याचं काही खरं धरू नकोस, म्हटलं. त्याचं घरात बरंवाईट झालं तरी तुम्ही इथेच राहायचं, मी आहे. तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "माझ्यानं नाय होयाचं, बाई. मी खोटं नाय बोलाची."

मी त्या दगडापाशीच भिजत उभी राहिले. संस्थेने मला ठाण्याच्या शिबिरात शिकवलं होतं की अशा वेळी माघार घ्यायची नाही, समजावत राहायचं. माणूस अखेरचे दिवस मोजतोय आणि मी त्याच्या बायकोला समजावणार. त्याला आत नेला असता तर शहापूरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली असती आणि महिन्याभरात तिसरं घर ओस पडलं असतं. बाहेर ठेवला तर पावसात माणूस. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला होता, त्या रिवाजाचा, साहेबांचा, विटांचा, आणि सगळ्यात जास्त त्या माणसाच्या शहाणपणाचा.

मग मी पदर खोचला. त्याला तात्पुरता सुईणीच्या ओट्यावर बसवला. तिने, त्याच्या बायकोने आणि मी मिळून घरांच्या रांगेपासून जरा दूर, आंब्याखाली, खोप बांधायला घेतली. कुड्याच्या लाकडाच्या मेढी पुरल्या, कारवी बांधली, वर सागाची पानं घातली. ओस पडलेल्या घरात पेंढा भरणाऱ्याकडे जाऊन मी पेंढा मागितला. त्याने कशाला हवा म्हणून विचारलं. मी सांगितलं, तसा त्याने स्वतः भारा उचलून आणून दिला. कारवीने माझे तळवे सोलून निघाले होते. या लोकांना खोपीतून घरात आणण्याचा मला पगार मिळत होता, आणि मी घरातल्या माणसासाठी खोप बांधत होते. मला रडू येत होतं, पण पावसात कुणाला दिसलं नाही.

त्याने तिथे आठवडा काढला. बायको सकाळ-संध्याकाळ पेज घेऊन जायची, मुली लांब उभ्या राहून बघायच्या. खोपीतून त्याला घराचं दार दिसायचं. पाठ टेकायची सवय जाईना. कुडाला टेकला की कूड मागे वाकायचा आणि तो कलंडायचा. शेवटी मी त्याच्या मागे जाऊन बसले आणि माझ्या पाठीला पाठ लावून टेक म्हणाले. त्याचं वजन लहान मुलाएवढंही नव्हतं. तसे आम्ही बराच वेळ बसलो.

एका सकाळी पाऊस उघडला होता तेव्हा तो गेला. वाडीतल्या पुरुषांनी त्याला पुरून येताना खोप मोडून टाकली. तिसऱ्या दिवशी बायकोचे भाऊ आले. बोचकी बांध, पोरी घे, चल आमच्याबरोबर, म्हणाले. मी मधे पडले नाही. ती चौकटीला हात लावून उभी राहिली.

"आत कोण मेलं नाय," ती म्हणाली. "मी का जाऊ?"

भाऊ संध्याकाळपर्यंत बसले, भाकरी खाल्ली आणि निघून गेले.

त्यानंतर माझ्या काळात त्या वाडीतलं एकही घर ओस पडलं नाही. साहेब खूश झाले. दुसऱ्या वसाहतींतल्या बायकांना मी माझी पद्धत समजावून सांगावी, असं त्यांच्या मनात होतं. रोज प्रत्येक घरी जाते, फुटलेली कौलं वेळेवर बदलते, असं काहीतरी मी सांगितलं. आंब्याखाली दर खेपेला नवी खोप उभी राहते आणि ज्याचं आता काही खरं नाही ते माणूस आपल्या पायांनी तिकडे जातं, हे मी सांगितलं नाही. एक म्हातारी तर घाई करून गेली, तिथे पेज पिऊन बरी झाली आणि कोंबडी काखेत मारून घरी परत आली. वाडी आठवडाभर हसत होती. पण बाकीचे कुणी परत आले नाहीत. घरं राहिली. ज्यांनी ती मुठीत धरून ठेवली त्यांना मात्र त्यांत डोळे मिटता येईनात. या गोष्टीचा मला कधी अभिमान वाटला नाही आणि तिला दुसरा इलाजही सापडला नाही.

पुढे संस्थेने मला मुरबाडला मुलींच्या वसतिगृहावर नेमलं. बरीच वर्षं वाडीकडे जाणं झालं नाही. साठ सालानंतरची ती सगळी वर्षं मला एकसारखीच वाटतात, तांदूळ निवडणं आणि मुलींच्या डोक्याला तेल लावणं. एका पौषात म्हसा गावच्या जत्रेत घोंगड्यांच्या दुकानापाशी कुणीतरी मला बाई म्हणून हाक मारली. ती त्याची थोरली मुलगी होती. कडेवर मूल, दुसरं बोटाला. नवरा घरजावई आला होता, त्याच घरात राहत होते. मी आईचं विचारलं.

गेल्या पावसाळ्यात गेली, म्हणाली. ताप होता, अन्न जात नव्हतं. झड लागली होती, आंब्याखाली तिच्यासाठी घाईत उभी केलेली खोप सगळी गळत होती. नीट शाकारायलाही पाऊस उसंत देत नव्हता. तरी दुपारी आई उठली आणि गोधडी घेऊन तिकडे चालायला लागली. ही तिच्यामागे दारापर्यंत गेली.

"मी बोलले, आई, आत ये, कोण काय बोलाचं नाय," ती म्हणाली. "आई बोलली, पोरां आत घे नि कडी लाव." तिने कडेवरच्या मुलाला सावरून दुसऱ्या अंगाला घेतलं. "मी लावली, बाई."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बरं केलंस म्हणाले.